शनिवार पाळणारे शेजारी

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तोवर आम्हां डहाणू-तलासरीकरांचे जिल्ह्याचे ठिकाण ठाणे हेच होते. जमिनीचे अपील, कोर्टाची तारीख, इस्पितळाचा दाखला अशा एखाद्या कामासाठी पहाटेची गाडी पकडायची, दादरला उतरून मध्य रेल्वेच्या गाडीत बसायचे आणि दिवेलागणीनंतर घरी परतायचे, हा आमच्या वाडवडिलांपासूनचा परिपाठ. कचेरीचे काम आटोपले आणि हाताशी थोडा वेळ उरला, तर मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकायचे, हाही त्या परिपाठाचाच भाग होता. ठाणे हे आपल्याला परके शहर नव्हे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी ख्रिस्तासाठी रक्त सांडले ते याच ठाण्यात, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत.

परंतु त्याच चर्चपासून टेंभी नाक्याच्या दिशेने थोडे चालत गेले, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात आणखी एक प्रार्थनामंदिर लागते. त्याच्यासमोरून आपल्यापैकी कितीतरी जण वर्षानुवर्षे ये-जा करीत आले. आत कोण प्रार्थना करते आणि कोणत्या भाषेत करते, याची चौकशी मात्र फारच थोड्यांनी केली असेल. हे ठाण्याचे सिनेगॉग. त्याची स्थापना १८७९ सालची. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हाशामाइम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. बेथेल येथे दगड उशाशी घेऊन झोपलेल्या याकोबाला आकाशाला भिडलेली शिडी स्वप्नात दिसली. जागा झाल्यावर त्याने त्या ठिकाणाला जे म्हटले, त्यातून हे नाव आले आहे. वाचकहो, हे नाव आपल्या कानांना नवे नाही. लॉरेटोच्या लितानीत पवित्र मरियेला आपण ज्या अनेक नावांनी हाक मारतो, त्यांत स्वर्गाचे द्वार हे एक आहे. एका यहुदी कन्येला आपण जे नाव दिले, तेच नाव ठाण्याच्या यहुद्यांनी आपल्या प्रार्थनामंदिराला दिले आहे. दोघांनी ते एकाच पुस्तकातून घेतले.

समुद्राने आणलेली माणसे

ठाण्याच्या या मंडळीला बेने इस्रायल म्हणतात. 'इस्रायलची लेकरे' असा त्याचा अर्थ. त्यांची पूर्वकथा आम्हां डहाणूकरांना चटकन जवळची वाटावी अशी आहे. तलासरीच्या उत्तरेला, आजच्या गुजरातच्या हद्दीत, संजाण आहे. इराणातून धर्मासाठी निघालेली पारशी मंडळी गलबतांतून तेथे उतरली. पुढे संकटकाळी त्यांनी आपला पवित्र अग्नी ज्या बहरोटच्या लेण्यांत जपला, तो बारडाचा डोंगर आपल्याच मुलखात आहे. धर्मासाठी समुद्र ओलांडून आलेला माणूस कसा असतो, हे या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको.

बेने इस्रायलांची परंपरा अशीच एका गलबतापासून सुरू होते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. जे बुडाले, त्यांची प्रेते किनाऱ्यावरच पुरण्यात आली. ही घटना ख्रिस्तजन्माच्या पावणेदोनशे वर्षांपूर्वीची, असे परंपरा मानते. इतिहासकारांत तिच्या काळाविषयी एकमत नाही. पण नवगावचे जुने दफनस्थान आणि तेथील स्मारक हे सर्व बेने इस्रायलांचे मूळस्थान आहे, याविषयी त्या समाजात दुमत नाही.

समुद्राने त्यांचे ग्रंथ गिळले, असे ते सांगतात. हिब्रू भाषाही कालौघात विसरली गेली. शतकानुशतके ती माणसे कुलाब्याच्या खेड्यांत राहिली, मराठी बोलू लागली आणि तेल गाळण्याच्या धंद्यात स्थिरावली. ज्या गावी राहिली, त्या गावाचे नाव त्यांच्या आडनावाला चिकटले. केहीमचे ते केहीमकर, झिराडचे झिराडकर, दिवेचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. आडनावांची ही यादी नकाशावर मांडली, तर अख्खा जुना कुलाबा जिल्हा उभा राहतो.

सारे विसरूनही काही गोष्टी त्यांनी विसरल्या नाहीत. आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. परमेश्वर एकच आहे, ही 'शमा' नावाची प्रार्थना जन्माच्या, लग्नाच्या आणि मरणाच्या वेळी म्हणायची. आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. ही शेवटची खूण शेजाऱ्यांना सर्वांत आधी दिसली. तेली म्हटला की त्याचा बैल रोज फिरणार. या तेल्यांचा बैल मात्र शनिवारी गोठ्यात उभा. म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' असे नाव दिले. त्या नावात थोडी गंमत असेल, थोडे कुतूहल असेल. पण त्या नावापायी कोणाचे घर जळाले नाही, कोणाला गाव सोडावे लागले नाही. युरोपात ज्या शतकांत यहुद्यांच्या वस्त्या लुटल्या जात होत्या, त्या शतकांत कोकणात त्यांचे शेजारी त्यांच्याकडून रविवार ते शुक्रवार तेल घेत होते आणि शनिवारी घेत नव्हते. एवढ्यावर प्रश्न मिटला होता.

दावीद राहाबी नावाचा परदेशी यहुदी व्यापारी या लोकांना भेटला, ही त्यांच्या इतिहासातली पुढची कथा. त्याने घरातील बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे आणि परांचे तेवढे वेगळे काढून रांधायला घेतले, तेव्हा ही आपलीच माणसे असल्याची त्याची खात्री पटली. त्याने त्यांना हिब्रू प्रार्थना आणि धर्मनियम पुन्हा शिकवले. तो नेमका कोणत्या शतकात आला, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. आम्हांला त्या कथेतले स्वयंपाकघर महत्त्वाचे वाटते. ग्रंथ गेले, भाषा गेली, तेव्हा धर्म चुलीपाशी आणि माशाच्या पाटीपाशी टिकून राहिला. तो बायकांनी टिकवला.

त्यांच्या सणांची जुनी नावे याची साक्ष देतात. नववर्षाला ते नव्याचा सण म्हणत. प्रायश्चित्ताच्या महादिवसाला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, उपास धरून सारे घरातच राहत. येरुशलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या शोकदिनी वालाचे बिरडे करीत, म्हणून तो बिरड्याचा सण. एस्तेर राणीच्या सणाला त्यांनी होळीचा सण म्हटले, कारण तो त्याच सुमारास येई. हे सारे मराठी शब्द आहेत आणि त्यांच्या पोटात जुना करार आहे.

एकच शनिवार, दोन किनारे

येथे आपल्याला आपल्याकडे पाहावे लागते. बेने इस्रायलांच्या जुन्या गावांची नावे घेताना डहाणू, तारापूर, माहीम, केळवे, वसई ही नावे येत नाहीत. कुलाब्यात त्यांची गावेच्या गावे आणि आपल्या पट्टीत त्यांचा मागमूस नाही. त्या दीर्घ काळात आपली पट्टी कोणाच्या अमलाखाली होती, हे आठवून पाहिले पाहिजे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि पुढे डहाणूपर्यंतचा किनारा त्यांच्या उत्तर प्रांतात मोडू लागला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे गेला. मधल्या दोनशे वर्षांत आपल्या पूर्वजांपर्यंत शुभवर्तमान पोचले, चर्चे उभी राहिली, आपली आडनावे बदलली. ती आपली वारशाची शतके आहेत. म्हणूनच त्यांच्यातला काळोखही आपण दुसऱ्या कोणाचा म्हणून टाळू शकत नाही.

१४९६ च्या हुकुमाने पोर्तुगालच्या राजाने आपल्या राज्यातील यहुद्यांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग असे दोन पर्याय ठेवले. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी पुष्कळांवर बाप्तिस्मा लादला गेला. या 'नव्या ख्रिस्त्यां'पैकी काही जण समुद्र ओलांडून भारतात आले. त्यांतला सर्वांत विद्वान माणूस म्हणजे गार्सिया द ओर्ता. स्पेनमधून परागंदा झालेल्या यहुदी कुटुंबातला हा वैद्य १५३४ साली मार्तिम आफोन्सो द सौझाबरोबर गोव्यास आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. वसईचा मुलूख त्याच्या पायाखालचा होता. कान्हेरीची आणि घारापुरीची लेणी त्याने पाहिली आणि त्यांच्याविषयी लिहिले. भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. हिंदू आणि मुसलमान वैद्यांकडून आपण काय शिकलो, हे त्याने त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. आंबा, फणस, हळद, हिंग, नारळ या आपल्या परसातल्या आणि फडताळातल्या वस्तू युरोपच्या विद्वानांना त्या पुस्तकातून नव्याने कळल्या.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन सुरू झाले. असे न्यायासन भारतात यावे, अशी मागणी संत फ्रान्सिस झेवियर यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती. ज्यांच्या पायाशी आपण नवस फेडतो, त्या संताविषयी हे लिहिताना आमचा हात जड होतो. परंतु संतांनाही त्यांच्या काळाच्या मर्यादा असतात आणि त्या झाकल्याने त्यांचे पावित्र्य वाढत नाही. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे कबरीतून उकरून काढून जाळण्यात आली. मधली काही वर्षे सोडली, तर हे न्यायासन १८१२ पर्यंत चालू होते.

गुन्हा काय असे? बाप्तिस्मा झालेल्या घरात शनिवारी चूल पेटली नाही, शुक्रवारी संध्याकाळी धुतलेली चादर अंथरली, डुकराचे मांस ताटाबाहेर ठेवले, एवढ्यावर संशयाची सुई फिरे. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर कागाळी करावी, मोलकरणीने मालकिणीविरुद्ध साक्ष द्यावी, अशी ती व्यवस्था होती.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. एकाच समुद्राच्या काठावर, एकाच शतकात, एकच शनिवार पाळला जात होता. कुलाब्याच्या खेड्यात तो पाळणाऱ्याला गाव शनिवार तेली म्हणत होते. गोव्यात तो पाळणाऱ्याला चितेवर चढवले जात होते. पहिले गाव आपल्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांचे होते; दुसरे न्यायासन आपल्या धर्माच्या नावाने बसले होते. बेने इस्रायलांची जुनी गावे पोर्तुगीज अमलाबाहेरच्या मुलखात का आढळतात, या प्रश्नाची चर्चा करताना व्यापार, शेती, बंदरे यांची कारणे देता येतील. पण हे एक कारण विसरून ती चर्चा पुरी होणार नाही.

ठाण्याची मंडळी

अठराव्या शतकात चित्र पालटले. मुंबईला इंग्रजांचे बस्तान बसले, तशी कुलाब्याची तरुण माणसे घाणे सोडून मुंबईस येऊ लागली. कोणी सुतारकाम धरले, कोणी बांधकाम, आणि पुष्कळ जण कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले. त्यांतल्या सामुएल एझिकेल दिवेकर या अंमलदाराला टिपू सुलतानाच्या कैदेत पडावे लागले. सुटका झाल्यास देवाचे घर बांधीन, असा त्याने नवस केल्याचे सांगतात. १७९६ साली त्याने मुंबईत 'शाआर हाराहामीम', म्हणजे करुणेचे द्वार, हे बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग उभारले. लोक त्यालाही मशीदच म्हणत. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, अशी समजूत आहे. नवस बोलणे आणि फेडणे हे आपल्या घराघरांतले व्यवहार आहेत. दिवेकरांचा नवस आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर कोकणात एकामागून एक सिनेगॉगे झाली. रेवदंड्यास १८४२ साली, अलिबागेस १८४८ साली, पनवेलीस १८४९ साली. अलिबागच्या ज्या आळीत ते उभे आहे, तिला इस्रायल आळी असेच नाव आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली. रेल्वे, टपाल, जकात, कोर्टकचेऱ्या यांत नोकऱ्या निघाल्या. इंग्रजी-मराठी लिहिता येणारे बेने इस्रायल त्यांत शिरले. ठाण्यासारख्या जिल्ह्याच्या गावी कारकून, ओव्हरसियर, शिक्षक, पेन्शनीत निघालेले सुभेदार अशी त्यांची घरे वाढली आणि १८७९ साली त्यांनी आपले स्वर्गद्वार बांधले. आपल्या किनाऱ्यावर ज्यांना शतकानुशतके उघडपणे राहता आले नसते, ते लोक आपल्याच जिल्ह्याच्या गावी, आपल्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर, ताठ मानेने प्रार्थना करू लागले.

सिनेगॉगच्या आत मूर्ती नाही, चित्र नाही. येरुशलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्या मुलखातून पश्चिमेस, 'हेखाल' असतो. तो पडद्याआडचा पवित्र कोनाडा. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. समोर अखंड दिवा. आपल्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतापुढे जो दिवा तेवतो, त्याचे मूळ याच परंपरेत आहे. मध्यभागी 'तेबा' नावाचे व्यासपीठ, तेथून शास्त्रवाचन होते. एलिया संदेष्ट्यासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली असते. सुंतेच्या वेळी बालकाला त्या खुर्चीचा स्पर्श घडवतात.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांची जुनी नावे ऐकली, तर एखाद्या कोकणी गावकीचीच आठवण व्हावी. प्रमुख तो मुकादम. त्याला साहाय्य करणारे चौगुले. हिशेब ठेवणारा गबाई. प्रार्थना चालवणारा हझान. देखभाल करणारा शमाश. निम्मे शब्द हिब्रू, निम्मे आपल्या चावडीतले. यहुद्यांत धर्मगुरूवाचूनही सामूहिक प्रार्थना होऊ शकते. पण तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्यावाचून ती परंपरेने पुरी होत नाही. या दहाच्या संख्येला ते 'मिन्यान' म्हणतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

एलिया हा बेने इस्रायलांचा लाडका संदेष्टा. नवस फेडायचा, लग्न ठरले, परीक्षा पार पडली, प्रवासाला निघायचे, अशा प्रत्येक प्रसंगी त्याच्या नावाने 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि फळे अशी ती ताटली. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही यहुद्यांना हा विधी ठाऊक नाही. तो कोकणातच जन्मला. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर एलियाच्या रथाची खूण उमटली, अशी त्यांची श्रद्धा आहे. लग्नात हळद आणि मेंदी, सणाला नारळाच्या दुधात शिजवलेला गव्हाच्या चिकाचा हलवा. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून सागुतीतही नारळाचाच रस. आपल्या घरच्या लग्नातली हळद आणि त्यांच्या घरची हळद एकाच शेतातली आहे.

मराठीत सांगितलेला जुना करार

आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो त्यांचा मराठीशी असलेला संबंध. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. या समाजातले कोणी ख्रिस्ती व्हावे, अशी मिशनऱ्यांची इच्छा होती. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. मात्र हिब्रू पुष्कळांनी शिकून घेतली आणि आपल्याच धर्माकडे अधिक डोळसपणे वळले. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायची 'हग्गादा' १८४६ साली मुंबईत हिब्रू आणि मराठी अशी छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या सचित्र हग्गादेत बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायका चक्क लुगडे नेसलेल्या आहेत.

१८८० च्या सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली. देवळांतील कीर्तनाचा थाट त्यांनी उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांतून रंगवायला सुरुवात केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या परंपरेचे आद्य कीर्तनकार. पुरुषांबरोबर बायकांनीही ही कीर्तने ऐकली आणि जे हिब्रूतून दुर्बोध होते, ते पेटी-तबल्यावर घरोघरी पोचले.

आपल्याकडे याच्याही अडीचशे वर्षे आधी येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केले होते. १६१६ साली राशोल येथे छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'चा पहिला भाग म्हणजे ओवीबद्ध जुना करारच. आदाम, नोहा, अब्राहाम यांना मराठी बोलायला लावणारे पहिले आपण. त्यांना कीर्तनात उभे करणारे ते. या दोन मराठी परंपरांची एकमेकींशी कधी भेट झाली नाही, हे आमच्या मते आपल्या साहित्याचे एक न मोजलेले नुकसान आहे.

या छोट्या समाजाने महाराष्ट्राला काय दिले, याची यादी लांबलचक आहे. हाईम सामुएल केहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांची शाळा काढली आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली तेल अवीव येथे प्रकाशित झाला. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या हाताखाली प्रसूतिशास्त्राच्या पिढ्या घडल्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाचे लेखन जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे. १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. नाव जॉन, पण तो साकारणारा बेने इस्रायल होता. इंग्रजी कवितेत भारतीय स्वर आणणारे निसिम इझिकेल याच समाजाचे.

दहाव्या माणसाची वाट

१९४८ साली इस्रायलचे राष्ट्र जन्मास आले. दोन हजार वर्षे जे प्रत्येक वल्हांडणाला पुढच्या वर्षी येरुशलेममध्ये भेटू अशी आशा धरत आले होते, त्यांना प्रत्यक्ष जाण्याची वाट मोकळी झाली. येथे कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. श्रद्धेची ओढ होती, नोकऱ्यांची अनिश्चितता होती, नातलग गेले म्हणून उरलेलेही निघाले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते. २०११ साली साडेचार हजारांच्या आसपास, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात.

तेथे त्यांचे स्वागत निर्भेळ नव्हते. १९६२ साली इस्रायलच्या प्रमुख धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करावी असा आदेश काढला. कोकणात ज्यांना कधी कोणी तुम्ही यहुदी नाही असे म्हटले नव्हते, त्यांच्यावर यहुद्यांच्याच देशात ते सिद्ध करण्याची वेळ आली. त्यांनी सत्याग्रह केला, धरणे धरले, आणि १९६४ साली त्यांचे पूर्ण यहुदीपण मान्य करून घेतले. अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद या गावी ते स्थिरावले आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथून चालवले.

इकडे कुलाब्याची गावे रिकामी झाली. जेथे एके काळी आळी भरून माणसे होती, तेथे शनिवारी मिन्यानची दहा डोकी मोजणे कठीण झाले. नऊ जण जमतात आणि दहाव्याची वाट पाहत बसतात. मुंबईहून कोणी पाहुणा आला, तर तोराची गुंडाळी उघडली जाते. मुंबईची घरे महाग झाली, तशी उरलेली पुष्कळ कुटुंबे ठाण्याकडे सरकली. जे सिनेगॉग एका जिल्ह्याच्या गावातल्या कारकुनांनी बांधले, ते आज भारतातील बेने इस्रायलांच्या सर्वांत मोठ्या वस्तींपैकी एकीचे हृदय झाले आहे. गावे विझली, त्यांचे निखारे टेंभी नाक्यावर गोळा झाले. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत नरिमन हाऊसवर झालेल्या हल्ल्यानंतर सिनेगॉगांच्या दारांशी पोलिसांचा पहारा आला. या मातीने दोन हजार वर्षे जे दार उघडे ठेवले होते, त्यावर पहारा बसवण्याची पाळी बाहेरून आलेल्या मारेकऱ्यांनी आणली.

आपले काम

हा इतिहास आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे मांडण्याचे कारण काय? पहिले कारण ऋणाचे. आपण मिस्सेत जी स्तोत्रे गातो, ती त्यांची. प्रभूने शेवटच्या भोजनात जी भाकर मोडली, ती वल्हांडणाच्या मेजावरची. येशू, मरिया, योसेफ, बाराही प्रेषित शनिवार पाळणारे होते.

दुसरे कारण दोषाचे. आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत यहुद्यांना उद्देशून अविश्वासाचा ठपका ठेवणारा शब्द होता. तेविसावे जॉन यांनी तो १९५९ साली काढून टाकला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर टाकणे चुकीचे असल्याचे स्पष्ट केले आणि यहुदीद्वेषाचा धिक्कार केला. १३ एप्रिल १९८६ रोजी दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि यहुद्यांना त्यांनी आपले थोरले बंधू मानले. मार्च २००० मध्ये येरुशलेमच्या पश्चिमी भिंतीच्या दगडांत त्यांनी क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली. परमगुरूंना जे रोममध्ये आणि येरुशलेमात करावेसे वाटले, ते करायला आपल्याला ठाण्याच्या पलीकडे जावे लागत नाही.

तिसरे कारण आपल्या स्वतःच्या भवितव्याचे. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला. त्याच्या उत्तर टोकाला, डहाणू-तलासरीकडे, आपली घरे विरळ आणि पाड्यापाड्यांत विखुरलेली आहेत. आपलीही मुले परदेशी जातात, आपल्याही घरांत मराठी प्रार्थनेची जागा दुसरी भाषा घेऊ पाहते. लहान समाज कशावर टिकतो, याचे उत्तर शनिवार तेल्यांनी देऊन ठेवले आहे. ग्रंथ नव्हता, गुरू नव्हता, मंदिर नव्हते. एक प्रार्थना, एक पथ्य आणि आठवड्याचा एक दिवस एवढे त्यांनी सोडले नाही. आपल्याजवळ ग्रंथ आहे, धर्मगुरू आहेत, चर्च आहे. आपला रविवार मात्र आपण किती पाळतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

ठाण्याच्या फेऱ्या आता आम्हां डहाणूकरांना पूर्वीसारख्या पडत नाहीत. कचेरी पालघरला आली. तरी पुढे कधी त्या बाजूला जाणे झाले, तर सेंट जॉन चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर टेंभी नाक्यापर्यंत चालत जावे, अशी आमची विनंती आहे. शनिवार असेल तर आत दहा माणसे जमावीत, म्हणून मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणावी. त्या दहांत आपली गणती होणार नाही. पण आपल्या पूर्वजांच्या काळात ज्या शनिवारला शिक्षा झाली, तो शनिवार आपल्या शेजारी सुखाने पाळला जावा, एवढे मागण्याचा अधिकार, आणि कर्तव्यही, आपल्याला नक्कीच आहे.